नगरपरिषदेच्या हद्दीत नवे राहायला आलात? कामं कशी चालतात ते आधी समजून घ्या

फ्लॅटचा ताबा मिळाला, सामान लागलं, गॅस आला, वायफाय आलं. मग पहिल्याच पावसात सोसायटीसमोरचा रस्ता उखडला आणि मला नगरपरिषदेची आठवण झाली. जाऊन अर्ज दिला. महिन्याने पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी अर्ज नीट वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा रस्ता आपल्याकडे नाहीच हो. दुसऱ्या खात्याचा आहे." म्हणजे तीन महिने मी भलत्याच दारात उभा होतो. आणि आधीच्या दोन अर्जांची पोच माझ्याकडे नव्हती, हे त्याहून वाईट.

महानगरातून अंबरनाथ, बदलापूर, तळेगाव दाभाडे, कर्जत, खोपोली अशा गावांत राहायला येणाऱ्यांचं बहुतेकदा असंच होतं. महापालिकेत वॉर्ड ऑफिस असतं, हेल्पलाइन असते, त्याची सवय झालेली असते. इथे एकच इमारत, एक जिना, आणि वर ज्याला त्याला माहीत असलेले सहा-सात विभाग. एका अर्थाने हे सोपं आहे. नगराध्यक्ष भाजी घेताना भेटतात, नगरसेवकाचा मुलगा तुमच्या मुलाच्या वर्गात असतो. पण ओळखीवर बोलणं होतं, काम कागदावरच होतं. तो कागद कसा चालवायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी हद्द तपासा

बिल्डरच्या जाहिरातीत शहराचं नाव असतं, पण इमारत शेजारच्या ग्रामपंचायतीत असू शकते. घरपट्टीच्या बिलाचा मथळा बघा. तिथे ज्या संस्थेचं नाव आहे तीच तुमची. ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका या चार वेगळ्या संस्था आहेत. नगरपंचायती आणि नगरपरिषदा 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्याने चालतात. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर नगरपरिषद 'अ' वर्गाची, चाळीस हजार ते एक लाख असेल तर 'ब', पंचवीस ते चाळीस हजार असेल तर 'क'. वर्गावरून कर्मचाऱ्यांची पदं ठरतात. त्यामुळे 'क' वर्गात एकच अभियंता पाणी, रस्ते आणि दिवे सांभाळताना दिसला तर नवल वाटून घेऊ नका.

हद्दी बदलतात, हेही लक्षात असू द्या. पनवेल नगरपरिषदेची १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली आणि आसपासची गावं तिच्यात आली. तुमचा भाग अलीकडे ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आला असेल, तर जुनी घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा जपून ठेवा. हस्तांतरात दप्तर गहाळ होतं आणि मग पुरावा तुमच्याकडेच मागतात.

कुठलं काम कुणाचं

इथेच सगळ्यात जास्त चपला झिजतात.

नगरपरिषदेकडे असतं ते साधारण असं: अंतर्गत रस्ते, गटारं, रस्त्यावरचे दिवे, कचरा, घरपट्टी, जन्म-मृत्यू नोंदणी, बांधकाम परवानगी, बागा, बाजार, स्मशानभूमी, अग्निशमन. पाणी बहुतेक ठिकाणी नगरपरिषदेचं, पण सगळीकडे नाही. अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवतं, म्हणजे पाणीपट्टीची तक्रार घेऊन नगरपरिषदेत गेलात तर हात हलवत परत याल.

सातबारा हवा असेल तर तो महसूल खात्याचा, तलाठ्याकडचा. मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेख कार्यालयाची. घरातली वीज महावितरणची, पण रस्त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा. खांब अनेकदा महावितरणचाच असतो, त्यामुळे दिवा गेला तर एकाला आणि तार लोंबायला लागली तर दुसऱ्याला सांगायचं. गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, राष्ट्रीय महामार्गाचा किंवा खरोखरच नगरपरिषदेचा असू शकतो. नुसतं बघून कळत नाही. बांधकाम विभागात जाऊन सरळ विचारा, "हा रस्ता आपल्या ताब्यात आहे का?" त्यांच्याकडे रस्त्यांची नोंदवही असते.

माणसं ओळखा

नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडला जातो. मधल्या काळात ही पद्धत आली, गेली आणि परत आली, म्हणून जुन्या लोकांशी बोलताना वेगवेगळी उत्तरं ऐकायला मिळतील. नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारण दोन नगरसेवक निवडतात, अ आणि ब जागेवर. म्हणजे मतदानाला गेलात की तुम्ही तीन मतं देता: दोन नगरसेवकांना, एक नगराध्यक्षाला. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. फोन लावल्यावर "मी ताईंचा मिस्टर बोलतोय, सांगा" असं ऐकू आलं, तर नम्रपणे सांगायचं, "ताईंशीच बोलायचंय." सभागृहात हात ताईंचा वर होतो आणि पत्रावर सही ताईंचीच चालते.

मुख्याधिकारी, म्हणजे सीओ साहेब, हे राज्य सरकारचे अधिकारी. प्रशासन त्यांच्या हातात असतं. ढोबळपणे सांगायचं तर काय करायचं ते सभागृह ठरवतं आणि ते मुख्याधिकारी अमलात आणतात. तुमचा कुठलाही अर्ज त्यांच्याच नावाने जातो, नगरसेवकाच्या किंवा नगराध्यक्षाच्या नावाने नाही. त्यांना प्रत द्यायला हरकत नाही.

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांमध्ये डिसेंबर २०२५ च्या निवडणुका होईपर्यंत बराच काळ सभागृहाऐवजी सरकारने नेमलेले प्रशासक होते. त्या काळातला एखादा ठराव काढून पाहिलात तर त्यावर सूचक-अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा नगरसेवक, नसतील, फक्त प्रशासकाची सही असेल. तो प्रशासकीय ठराव, आणि तो वैधच असतो. "त्या वेळी सभागृह नव्हतं, त्यामुळे तो ठराव धरत नाही" असं कुणी चहाच्या टपरीवर सांगितलं तर मनावर घेऊ नका.

जाता जाता मतदार यादीचं. नगरपरिषद निवडणुकीची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेच्या यादीतूनच ती प्रभागवार फोडली जाते. तुमचं नाव अजून जुन्या शहरातल्या यादीत असेल, तर नमुना ८ भरून पत्ता बदलून घ्या. नव्याने नाव घालायचं असेल तर नमुना ६. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीसाठी मिळणारी मुदत थोडी असते, आणि तेव्हा सगळे एकदम धावतात.

पहिला कागद: आकारणीत आपलं नाव

घर विकत घेतलं की दस्त नोंदला जातो, पण नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव तसंच राहतं. ते आपोआप बदलत नाही. कर विभागात नाव हस्तांतराचा अर्ज द्यायचा. सोबत सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्त नोंदणीचा उतारा (लोक याला इंडेक्स टू म्हणतात), खरेदीखताची प्रत, शेवटची घरपट्टी भरल्याची पावती आणि सोसायटी असेल तर तिचं ना-हरकत पत्र. थकबाकी असेल तर आधी ती भरून घेतात, मग फाइल पुढे सरकते. आधीच्या मालकाची थकबाकी तुमच्या गळ्यात पडायला नको असेल, तर खरेदीच्या आधीच कर विभागातून बाकी नसल्याचा दाखला काढायला सांगा.

घरपट्टी करयोग्य मूल्यावर बसते. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला वाजवी भाडं किती आलं असतं, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून ते मूल्य काढतात. बिल आलं की तीन गोष्टी बघा: क्षेत्रफळ, वापर निवासी लावलाय की बिगर निवासी, आणि घर भाड्याने दिल्याची नोंद आहे का. चूक असेल तर ती बहुतेकदा यातच सापडते. बिलात शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर अशा ओळी दिसतील. शिक्षण कर नगरपरिषद राज्य सरकारसाठी गोळा करते.

दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. त्या वेळी घरोघर नोटीस येते आणि हरकत घ्यायला मुदत मिळते. ती नोटीस वॉचमनच्या टेबलावर पडून राहते, मुदत संपते आणि मग लोक सोशल मीडियावर ओरडतात. मुदतीत एका पानाची लेखी हरकत दिली तर सुनावणीला बोलावतात. तिथे सोसायटीतल्या तसल्याच दुसऱ्या फ्लॅटचं बिल घेऊन जा, तुलना समोर ठेवली की फार बोलावं लागत नाही. वेळेत कर भरला नाही तर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. वर्षाला चोवीस. एवढं व्याज बँकसुद्धा गृहकर्जावर घेत नाही.

आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. अनधिकृत बांधकामालाही कर लावता येतो, आणि तो लावला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मात्र जरूर मागा आणि त्याची प्रत घरी ठेवा.

अर्ज द्यायचा तो असा

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. त्या शिक्क्यावाचून पुढच्या कुठल्याही पायरीवर तुम्हाला काही सिद्ध करता येणार नाही. "ठेवा इथे, करतो" असं कुणी म्हणालं, तर हसून म्हणायचं, "नुसता एक शिक्का मारून द्या ना." टेबलावर कुणी नसेल तर वाट बघा, अर्ज टेबलावर ठेवून जाऊ नका. स्पीड पोस्टाने पाठवलात तरी चालतं. ईमेल पाठवलात तर सोबत छापील प्रत द्याच.

मजकूर छोटा. विषयाची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तीच आवक नोंदवहीत उतरते आणि तिच्यावरूनच फाइल कुठल्या विभागात जायची ते ठरतं. 'नागरी समस्यांबाबत' असा विषय लिहिलात तर फाइल हवेत लोंबकळेल. त्याऐवजी 'प्रभाग क्रमांक ६, अमुक सोसायटीसमोरील गटाराचे झाकण तुटल्याबाबत' असं लिहा. मग जागेची खूण, किती दिवसांपासून आहे, एक फोटो, आणि काय हवं ते एका वाक्यात. दिवा गेला असेल तर खांबावर रंगवलेला क्रमांक द्या. वायरमनला शोधाशोध करावी लागत नाही आणि तो लवकर येतो. रागावलेली तीन पानं कुणी वाचत नाही. एका अर्जात पाच तक्रारी घातल्या तर पाच विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून एक तक्रार, एक अर्ज.

आठ-दहा दिवसांनी त्या विभागात जाऊन विचारायचं, "आवक क्रमांक अमुक, कुणाच्या टेबलावर आहे?" 'माझ्या अर्जाचं काय झालं' यापेक्षा या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. अर्जावर लिपिक टिपणी लिहितो, ती अभियंत्याकडे किंवा विभागप्रमुखाकडे जाते, तिथून मुख्याधिकाऱ्यांकडे. ती कुठे थांबलीय हे कळलं की अर्ध काम झालं.

दाखले आणि नोंदण्या, थोडक्यात

जन्म किंवा मृत्यूची नोंद घटना घडली त्या ठिकाणच्या कार्यालयात होते, तुम्ही राहता तिथे नाही. बाळ ठाण्याच्या रुग्णालयात जन्मलं असेल तर दाखला ठाण्यातून. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क असते. एक वर्ष उलटून गेलं तर महसुली अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि बराच वेळ जातो. बाळाचं नाव नंतरही घालता येतं, पण लवकर घाला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुढे करावा लागणार आहे. विवाह नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. दोघांनाच घेऊन गेलेली जोडपी मी जिन्यात तिसरा माणूस शोधताना पाहिली आहेत.

झाड तोडायचं किंवा फांद्या छाटायच्या असतील, ते आपल्याच आवारातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा नागरी भागाला लागू आहे आणि त्यात दंड होतो. बाल्कनी बंद करणं, गच्चीवर पत्रा टाकणं यासाठी नगररचना विभागात आधी विचारून घ्या. "सगळेच करतात" हे कारण नोटीस आल्यावर उपयोगी पडत नाही.

हे दाखले आणि परवानग्या किती दिवसांत मिळाल्या पाहिजेत, याचा तक्ता नगरपरिषदेला लावावा लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली प्रत्येक सेवेला मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि दोन अपिलीय अधिकारी ठरलेले असतात. मुदत उलटली की तीस दिवसांत पहिलं अपील करा, मग दुसरं, तिसरं थेट लोकसेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे, पण ती सेवापुस्तकाजवळ, म्हणजे नोकरीच्या नोंदींजवळ, जाते म्हणून अधिकारी घाबरतात. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला तर तारखा आपोआप नोंदल्या जातात.

सभेला जाऊन बसा

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. गावात नवीन असलात तर सर्वसाधारण सभेत एक दुपार घालवा. सभा लोकांना खुली असते. अध्यक्षांनी काही कारणाने बाहेर जायला सांगितलं नाही, तर मागच्या खुर्च्यांवर बसता येतं. बोलता येत नाही, मोबाइल गप्प ठेवायचा, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

सभेची नोटीस नगरपरिषदेच्या फलकावर लागते, साधारण सभेसाठी सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभेसाठी तीन दिवस आधी. तिच्यासोबत विषयपत्रिका असते. तिचा फोटो काढून घरी निवांत वाचा. भाषा एकाच साच्यातली असते आणि पहिल्यांदा डोकं गरगरतं. एक युक्ती सांगतो: विषयाच्या सुरुवातीकडे नको, शेपटीकडे बघा.

'...प्रशासकीय मान्यता देणेबाबत' असं असेल तर काम अजून कागदावर आहे. रस्ता डांबरी की काँक्रीटचा, गटार डाव्या बाजूला की उजव्या, हे बोलायची वेळ हीच. '...प्राप्त निविदेच्या दरास मंजुरी देणेबाबत' असेल तर काम ठरून गेलंय, फक्त ठेकेदाराचा दर मंजूर व्हायचाय. आता "काँक्रीट करा हो" म्हणून उपयोग नाही. '...कार्योत्तर मंजुरी देणेबाबत' म्हणजे काम झालं, पैसे गेले किंवा जाणार, आता सही हवी. असे विषय पत्रिकेत फार दिसू लागले तर कुणीतरी विचारायला हवं. '...अवलोकनार्थ' म्हणजे फक्त बघा. '...चर्चा करून निर्णय घेणेबाबत' म्हणजे प्रशासनाला निर्णयाची जबाबदारी एकट्याने घ्यायची नाही. पहिला विषय जवळपास नेहमी मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो. तो कंटाळवाणा वाटतो, पण खरी भांडणं तिथेच होतात, कारण मागच्या सभेत बोललं गेलं एक आणि लिहिलं गेलं दुसरं, हे तिथेच उघड होतं.

शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' अशी ओळ असते. तिच्यात काय येईल ते पत्रिकेवरून कळत नाही, म्हणून लोक उठून जायला लागले तरी थांबा.

सभेत तुमचा विषय आला तर ऐकायला काय मिळतं? लिपिक विषय भराभर वाचतो. एक नगरसेवक सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. "मंजूर?" "मंजूर, मंजूर." पुढचा विषय. दहा लाखांचा रस्ता अर्ध्या मिनिटात जातो आणि स्वागत कमानीला कुणाचं नाव द्यायचं यावर पाऊण तास जातो. आधी मला याचा राग यायचा. मग कळलं की रस्त्याची चर्चा आठवडाभर आधी बंद खोलीत होऊन गेलेली असते आणि सभागृहात फक्त शिक्कामोर्तब होतं. म्हणून तुमचं म्हणणं नोटीस लागण्याच्या आधी, निदान नोटीस लागली त्याच संध्याकाळी, नगरसेवकाच्या हातात एका पानावर गेलं पाहिजे. दोन मुद्दे, एक फोटो, सोसायटीतल्या वीस-पंचवीस जणांच्या सह्या. सह्यांमागे मतं असतात, ते नगरसेवकाला सांगावं लागत नाही.

ठराव झाला की त्याला क्रमांक मिळतो. तो टिपून ठेवा. ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर त्याच १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली तो स्थगित करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. सभागृहातले विरोधक हे कलम तोंडपाठ सांगतात. तुम्हालाही जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देता येतं, पण पत्रात ठराव क्रमांक आणि तारीख नसेल तर ते चाळणीतच अडकतं.

पैसे कुठून येतात

"आमच्या टॅक्सवर चालता तुम्ही" हे वाक्य नगरपरिषदेत कुणालाही सुनवायच्या आधी थांबा. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्याचं सहायक अनुदान सुरू झालं. पगार बऱ्याच अंशी त्यातून निघतात. मोठी कामं वित्त आयोग, नगरोत्थान आणि अमृत या सरकारी योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी अशा वेगवेगळ्या पिशव्यांतून होतात, आणि एका पिशवीतला पैसा दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच बांधलेल्या, निधीतून पाणी आणि स्वच्छतेची कामं करायची असतात. म्हणून "बागेला पैसे आहेत आणि गटाराला नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा खरोखरच "हो" असं असतं. नगरसेवकाशी बोलताना "हे काम कुठल्या निधीतून होईल?" असं विचारा. तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.

अर्थसंकल्प एप्रिलच्या आधी सभागृहासमोर येतो, पण कामांच्या याद्या त्याआधीच बनतात. दिवाळीनंतर पाठपुरावा सुरू केला तर तुमचं काम यादीत शिरण्याची काही आशा असते. मार्चमध्ये निधी खर्च करायची घाई असते, त्यामुळे काही रस्ते मार्चमध्ये होतात. ते पावसाळ्यानंतर पुन्हा बघा.

काम सुरू झालं की फलक लावलेला असायला हवा: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत, दोषदायित्व कालावधी. हा शेवटचा शब्द पाठ करा. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि त्याची अनामत नगरपरिषदेकडे अडकलेली असते. फलकाचा फोटो काढून ठेवा, कारण फलक रस्त्याआधी नाहीसा होतो. निविदा अंदाजपत्रकापेक्षा बरीच कमी दराची असेल, याला इथे 'बिलो' म्हणतात, तर त्या कामावर जरा जास्त लक्ष असू द्या.

माहिती अधिकार, पण शेवटी

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकणारे लोक असतात. त्याने फाइल पुढे जात नाही, फक्त सगळे सावध होतात. आधी अर्ज द्या, विचारणा करा, मग हे हत्यार काढा. शुल्क दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत, झेरॉक्स दोन रुपये पान. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. 'का' असं विचारू नका, त्यांना कारणं द्यावी लागत नाहीत. कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत, अमुक कामाच्या कार्यादेशाची (ठेकेदाराला दिलेल्या काम सुरू करण्याच्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेलं काम मोजून लिहिलेल्या वहीतल्या) नोंदींची प्रत. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, नंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे अभिलेख बघायला जाणं. राज्य सरकारने २०१८ मध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना फाइली पाहू द्याव्यात असं ठरवून दिलं आहे. तिथे काय आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की नेमकं तेवढंच मागता येतं.

विकास आराखड्यासाठी, म्हणजे कुठे रस्ते, आरक्षणं आणि वस्ती असणार हे ठरवणाऱ्या शहराच्या नकाशासाठी, मात्र थांबू नका. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मोजके दिवस मिळतात. आपल्या इमारतीवरून रस्ता जातोय का, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर शाळेचं आरक्षण आहे की तो रहिवासी विभागात आहे, हे नगररचना विभागात नकाशासमोर उभं राहून पाहा. बिल्डरने दाखवलेली बाग आराखड्यात आहे का, तेही तिथेच कळतं.

आमच्या रस्त्याचं पुढे काय झालं

बांधकाम विभागातल्या अभियंत्याने नोंदवही उघडून दाखवली. रस्ता दुसऱ्या खात्याचा, पण त्याच्या कडेचं गटार नगरपरिषदेचं. गटार तुंबत होतं म्हणून पाणी रस्त्यावर येत होतं आणि म्हणून डांबर उखडत होतं. मग मी एकच पत्र लिहिलं, पण दोघांच्या नावाने. एकाला मूळ पत्र, दुसऱ्याला 'प्रत माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी', आणि दोन्ही कार्यालयांतून माझ्या प्रतीवर दोन शिक्के. दोन खात्यांचं काम असेल तर असंच करा. वेगवेगळी पत्रं दिलीत तर दोघंही एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसतात. सोबत सह्या, फोटो आणि नगरसेविका ताईंचं शिफारसपत्र जोडलं.

रस्ता त्या खात्याने जानेवारीत केला. गटार नगरपरिषदेने मे महिन्यात काढलं, आणि त्याची माती पहिला पाऊस येईपर्यंत नव्या डांबरावर पडून होती. त्यासाठी पुन्हा एक अर्ज दिला, आरोग्य विभागाच्या नावाने. आवक क्रमांकासहित.